जर्मनीत किराणा कसा भरावा

विदर्भातल्या गावांतून जर्मनीला जाणारे लोक सध्या मुख्यतः दोन प्रकारचे दिसतात. एक, परिचारिका, वीजतंत्री, चालक अशा कामांसाठी जाऊ पाहणारी तरुण मुले-मुली. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून या वाटेची चर्चा तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. दुसरे, तिकडे स्थिरावलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला जाणारे आईवडील, ज्यांना अल्पमुदतीच्या व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येते. दोघांच्याही मनात पहिली काळजी जेवणाची असते, आणि ती मिटवण्यासाठी बहुतेक जण अर्धा किराणा बॅगेत कोंबतात. तेवढ्याची गरज नसते. आपल्या स्वयंपाकाला लागणारे बहुतेक सामान तिथे मिळते; अडते ते ते ओळखण्यात.

गावातल्या किराणा दुकानात आपण फक्त मागतो. कोणती डाळ लवकर शिजते, कोणत्या तिखटाला रंग आहे, पोळीला कोणते पीठ न्यावे हे दुकानदारच सांगतो, आणि हातात पैसे नसतील तर वहीत लिहून ठेवतो. जर्मन सुपरमार्केटात सांगणारे कोणी नसते. जे सांगायचे ते सारे पाकिटावर छापलेले असते. म्हणून तिथला बाजार करणे म्हणजे मुख्यतः पाकीट वाचणे. या लेखात जर्मन नावे उच्चारानुसार दिली आहेत. जाण्यापूर्वी घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ती रोमन अक्षरांत एका कागदावर लिहून घ्यावीत, आणि फोनमध्ये गूगल ट्रान्सलेट घेऊन त्यात जर्मन भाषा आधीच उतरवून ठेवावी, म्हणजे दुकानात इंटरनेट नसले तरी कॅमेरा पाकिटावर धरून मजकूर वाचता येईल.

निघण्यापूर्वी: काय न्यावे आणि काय मुळीच नेऊ नये

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूध यांचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. याचा सरळ अर्थ असा की घरचे साजूक तूप, पेढे, बर्फी, खवा आणि पनीर इथेच ठेवावे. आईच्या मायेने बांधलेला तुपाचा डबा विमानतळावरच्या कचऱ्यात जाताना पाहणे कोणालाच सोसत नाही, आणि खाली सांगितल्याप्रमाणे तूप तिथे मिळतेही. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. त्यातून फक्त अननस, केळी, नारळ, खजूर आणि ड्युरियन ही फळे वगळलेली आहेत. म्हणून संत्री, लिंबे, आंबे आणि ताजा कढीपत्ता नेऊ नये. पेरणीचे बियाणेही नेऊ नये. मुलाच्या बाल्कनीत सांभार (कोथिंबीर) आणि मेथी पेरण्याचा बेत असेल तर बियाणे तिथल्या बागकामाच्या दुकानातून घ्यावे.

सुक्या खोबऱ्याबद्दल वेगळे सांगावे लागेल. त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून विमानाच्या चेक-इन सामानात ते चालत नाही, आणि सावजी मसाल्यासाठी खोबऱ्याच्या वाट्या घेऊन निघालेल्यांची अडचण होते. खोबऱ्याचा कीस जर्मनीत जवळजवळ प्रत्येक सुपरमार्केटात केकच्या सामानाजवळ मिळतो. त्याहून गंभीर गोष्ट खसखशीची आहे. शारजा, दुबई किंवा अबुधाबीमार्गे जाणाऱ्याने खसखस किंवा खसखस घातलेला मसाला सोबत अजिबात घेऊ नये, कारण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या यादीत येते आणि तिच्यापायी तुरुंगवास होऊ शकतो. गंमत अशी की हीच खसखस जर्मनीत 'मोन' नावाने उघड्यावर विकली जाते आणि बेकरीतल्या केकमध्ये बोटभर जाडीचा थर करून घालतात. ती निळसर काळी असते, त्यामुळे रस्सा थोडा गडद होतो. चवीत फारसा फरक पडत नाही.

मग न्यावे काय? घरचे तिखट, गोडा किंवा सावजी मसाला (खसखस आणि खोबरे न घालता कुटलेला), वायगावची हळद, हिंग, सावलीत वाळवलेला कढीपत्ता, मुंगवड्या, सांडगे, कुरडया, आणि वाटल्यास किलोभर तुरीची डाळ. ज्वारीचे पीठ पहिल्या दोन आठवड्यांपुरते न्यावे. तिखट आणि लोणचे हातातल्या बॅगेत ठेवू नये, कारण तपासणीत ते काढून टाकतात. चेक-इन सामानात दुहेरी पिशवीत नीट बांधून ठेवावे. घरी केलेल्या मसाल्याच्या पुडीवर आतल्या वस्तूचे नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी चिकटवली तर सीमाशुल्क अधिकाऱ्याला समजावणे सोपे जाते.

पोहोचल्याचा दिवस, आणि रविवार

जर्मनीत रविवारी आणि सार्वजनिक सुटीच्या दिवशी दुकाने कायद्याने बंद असतात. आपल्याकडे अनेक गावांचा आठवडी बाजार रविवारीच भरतो, त्यामुळे ही गोष्ट ऐकूनही मनावर ठसत नाही, आणि शनिवारी रात्री पोहोचलेला माणूस सोमवार सकाळपर्यंत बिस्किटांवर राहतो. तिकीट काढतानाच हा विचार करावा. रविवारीच पोहोचत असाल तर मोठ्या रेल्वे स्थानकांतली आणि विमानतळांवरची दुकाने उघडी असतात, पेट्रोल पंपावर पाव आणि दूध मिळते, मात्र महाग, आणि बऱ्याच बेकऱ्या सकाळी काही तास उघडतात. नाताळात 25 आणि 26 डिसेंबर हे दोन्ही दिवस सुटी असते व 24 तारखेला दुपारीच दुकाने बंद होतात. त्याला जोडून रविवार आला तर तीन-साडेतीन दिवसांचा किराणा आधी भरून ठेवावा लागतो. ईस्टरच्या वेळी शुक्रवार आणि सोमवार दोन्ही सुटीचे असतात. काही सुट्या राज्यागणिक बदलतात, म्हणून शेजाऱ्याला किंवा कामावरच्या सोबत्याला विचारून घ्यावे. इतर दिवशी दुकाने सकाळी सात-आठला उघडतात आणि रात्री आठ ते दहाच्या दरम्यान बंद होतात. बायर्न राज्यात, म्हणजे म्युनिकच्या भागात, आठ म्हणजे आठच.

दुकानात शिरल्यावर

अल्डी, लिडल, पेनी आणि नेट्टो ही स्वस्त दुकाने. रेवे आणि एडेका थोडी महाग पण जास्त प्रकारांची. काउफलांड फार मोठे. नव्या माणसाने पहिला महिना अल्डी किंवा लिडलमध्येच जावे असे माझे मत आहे, कारण तिथे एका वस्तूचे दोन-तीनच प्रकार असतात आणि डोके चक्रावत नाही. डीएम आणि रोसमान ही नावे साबण-शाम्पूच्या दुकानांची असली तरी त्यांच्या एका कोपऱ्यात डाळी, बेसन, जवस, तीळ, सुका मेवा असे कोरडे सामान असते, आणि आपल्या घरच्यांना ते दुकान लवकर आवडते.

ढकलगाडी साखळीने बांधलेली असते. तिच्या खाचेत 1 युरो किंवा 50 सेंटचे नाणे घातल्यावर ती सुटते आणि परत जागेवर लावली की नाणे बाहेर येते. म्हणून खिशात एक नाणे कायम ठेवावे. पिशव्या घरून न्याव्यात, कारण हातात धरायच्या पातळ प्लास्टिक पिशव्यांवर 2022 पासून बंदी आहे आणि कागदी किंवा कापडी पिशवीला पैसे पडतात.

फळीवरच्या किमतीच्या पट्टीवर दोन आकडे असतात. मोठा आकडा त्या पाकिटाचा आणि खालचा बारीक आकडा किलोचा किंवा लिटरचा दर असतो. हा बारीक आकडा वाचण्याची सवय पहिल्याच दिवशी लावावी, कारण मोठे पाकीट स्वस्त पडतेच असे नाही. भाजीच्या पट्टीवर 'श्ट्युक' असेल तर दर एका नगाचा, 'बुंट' असेल तर जुडीचा, आणि किलो असेल तर वजनाचा. फुलकोबी आणि काकडी बहुधा नगावर मिळतात, म्हणून त्यातला सर्वांत भरीव नग निवडून घेण्यात काही गैर नाही. बहुतेक स्वस्त दुकानांत वजन पैसे देताना होते. काही मोठ्या दुकानांत मात्र आपणच काट्यावर भाजी ठेवून तिच्या चित्राचे किंवा क्रमांकाचे बटण दाबायचे आणि निघालेली चिठ्ठी पिशवीला चिकटवायची असते. छापलेल्या किमतीत कर धरलेला असतो, त्यामुळे करापोटी बिलात वर काही चढत नाही. घासाघीस कुठेच नाही.

पैसे देण्याच्या जागी थोडी धांदल उडते, तेवढी मनाची तयारी ठेवावी. सामान सरकत्या पट्ट्यावर मांडायचे, मागच्या गिऱ्हाइकाचे सामान मिसळू नये म्हणून मध्ये आडवी दांडी ठेवायची, आणि गल्ल्यावरची व्यक्ती ज्या वेगाने वस्तू पुढे ढकलते त्याच वेगाने त्या सरळ ढकलगाडीत टाकायच्या. पिशवीत नीट लावण्याचे काम पैसे दिल्यावर खिडकीजवळच्या फळीवर करावे. अंडी आणि टोमॅटो पट्ट्यावर शेवटी ठेवले तर ते वर राहतात. मोठ्या दुकानांत व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालते, पण लहान बेकरीत आणि भाजीबाजारात अनेकदा रोखच मागतात. पावती बाहेर पडेपर्यंत हातात ठेवावी.

पाणी आणि बाटल्यांची ठेव

नळाचे पाणी पिण्यायोग्य असते, आणि विकतचे पाणी घेणे हा नव्या माणसाचा पहिला वायफळ खर्च ठरतो. जिथे ते पिण्यासारखे नसते तिथे 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी असते. रेल्वेच्या शौचालयातल्या नळाचे पाणी पिऊ नये. अनेक भागांत पाणी जड असल्यामुळे किटलीत पांढरा थर बसतो आणि डाळ शिजायला वेळ लागतो. चंद्रपूर-यवतमाळकडच्या बोअरच्या पाण्यावर वाढलेल्यांना हे नवे नाही. डाळ तासभर भिजत घालावी आणि कुकर वापरावा.

बाटली घ्यायचीच असेल तर 'श्टिल' किंवा 'नाटुरेल' लिहिलेली घ्यावी. 'क्लासिक' आणि 'मीडियम' यांत सोड्यासारखा वायू असतो, आणि तहानेने कासावीस झालेल्याने तो एकदम तोंडाला लावला की ठसका बसतो. बाटली किंवा डब्याच्या किमतीवर 'फांट' नावाची ठेव वेगळी घेतली जाते: एकदा वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना आणि डब्यांना 25 सेंट, बहुतेक बिअरच्या काचेच्या बाटल्यांना 8 सेंट आणि इतर पुन्हा वापरायच्या बाटल्यांना साधारण 15 सेंट. रिकामी बाटली न चेपता, तिच्यावरचा कागद न फाडता दुकानातल्या यंत्रात टाकावी, शेवटी बटण दाबून चिठ्ठी घ्यावी आणि ती गल्ल्यावर द्यावी, म्हणजे तेवढे पैसे बिलातून कमी होतात. आपल्याकडे रिकामी बाटली पायाखाली चिरडून फेकण्याची सवय असते. तिथे त्या चिरडण्यात दरवेळी पाव युरो जातो.

आपला डबा तिथल्या फळीवर

आता मुख्य विषयाकडे येऊ. रोजच्या जेवणातला एकेक पदार्थ घेऊन तो तिथे कोणत्या नावाने मिळतो ते पाहणे हाच सोपा मार्ग आहे.

पिठापासून सुरुवात करू. गव्हाच्या पिठाला 'वाइत्सेनमेल' म्हणतात आणि पाकिटावर 405, 550 किंवा 1050 असा आकडा असतो. पीठ जाळल्यावर 100 ग्रॅममागे किती मिलिग्रॅम राख उरते ते हा आकडा सांगतो, म्हणजे आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. 405 म्हणजे जवळजवळ मैदा. पोळीसाठी 1050 घ्यावे, किंवा त्यात थोडे 'फोलकोर्न', म्हणजे पूर्ण गव्हाचे पीठ, मिसळावे. पाणी कोमट घ्यावे आणि कणीक अर्धा तास झाकून ठेवावी. तरीही ती पोळी आपल्या चक्कीच्या पोळीसारखी होत नाही, म्हणून शहरात भारतीय दुकान असेल तर दहा किलोचे पोते आणणे परवडते. 'रोगेनमेल' हे राय नावाच्या धान्याचे पीठ असते, मोहरीचे नव्हे. त्याची पोळी लाटताच येत नाही. ज्वारीचे पीठ भारतीय दुकानाशिवाय सहसा मिळत नाही.

चून (पिठले) मात्र पहिल्याच दिवशी करता येते. बेसनाला 'किशरएर्ब्सेनमेल' म्हणतात आणि ते डीएममध्ये हमखास असते. ते काबुली हरभऱ्याचे असल्याने रंग फिका येतो आणि ते थोडे जास्त परतावे लागते. मसुराची डाळ 'रोटे लिन्झेन' नावाने सर्वत्र मिळते. तुरीची डाळ, मुगाची डाळ, पोहे आणि काळे हरभरे यांसाठी भारतीय किंवा आशियाई दुकानात जावे लागते, म्हणजे तर्री-पोह्याचा बेत शनिवारी शहरात गेल्यावरच ठरवावा. रवा हवा असेल तर 'वाइशवाइत्सेनग्रीस' घ्यावा. लापशीला तुर्की दुकानातला बुल्गुर, म्हणजे उकडून भरडलेला गहू, उत्तम चालतो. भातासाठी बासमती आणि जास्मिन हे तांदूळ सगळीकडे आहेत. भंडारा-गोंदियाकडच्या मऊ भाताची सवय असलेल्यांनी 'मिल्शराइस' नावाचा आखूड तांदूळ घेऊन पाहावा, जो तिथले लोक खिरीसाठी वापरतात.

तुपाची गोष्ट काळजीपूर्वक वाचावी. लोणी कढवून केलेले तूप 'बुटरश्माल्ट्स' या नावाने शीतकपाटाजवळ, लोण्याच्या शेजारी, बहुधा 250 ग्रॅमच्या डब्यात मिळते; वास थोडा कमी, पण वरणावर घालायला अगदी योग्य. नुसते 'श्माल्ट्स' किंवा 'श्वाइनेश्माल्ट्स' लिहिलेला डबा मात्र डुकराच्या चरबीचा असतो, तोही पांढरा, तोही तशाच आकाराचा आणि अनेकदा त्याच फळीवर. पहिला शब्द 'बुटर' आहे की नाही हे पाहिल्याशिवाय डबा उचलू नये.

दुधात 'फोलमिल्श' म्हणजे 3.5 टक्के स्निग्धतेचे आणि 'फेटआर्मे' म्हणजे 1.5 टक्क्यांचे; चहाला आणि विरजणाला पहिले घ्यावे. 'हा-मिल्श' हे फळीवर उघड्यावर ठेवता येणारे दूध असते आणि त्याला उकळल्यासारखी चव असते. साधे दही 'नाटुरयोगुर्ट' या नावाने मिळते. 'क्वार्क' हा पांढरा ठोकळा दह्यासारखा दिसतो, पण तो चक्क्याच्या जवळचा. त्याची कढी होत नाही, श्रीखंड मात्र छान होते. कढीसाठी 'बुटरमिल्श' घ्यावे: ते आपल्या ताकापेक्षा घट्ट आणि चांगले आंबट असते, दुप्पट पाणी घालून बेसन लावले की कढीगोळ्यांचा बेत जमतो.

मसाल्याच्या फळीवर एक सापळा आहे. 'क्यूमेल' म्हणजे जिरे नव्हे. ती जर्मन लोक कोबीत आणि पावात घालतात ती, शहाजिऱ्याच्या वासाची बी असते, आणि फोडणीत पडली की सारे वरण परके होते. जिऱ्याला 'क्रॉइत्सक्यूमेल' म्हणतात. 'श्वार्त्सक्यूमेल' म्हणजे कलौंजी. हळद 'कुर्कुमा', धणे 'कोरिआंडर', मेथी 'बोक्सहॉर्नक्ले'. मोहरी पिवळी मिळते. तडतडते, पण वास सौम्य. लाल पूड म्हणून जी 'पाप्रिका एडेलझ्यूस' असते तिला फक्त रंग असतो आणि 'रोझेनशार्फ' ही तिच्याहून थोडी तिखट. भिवापुरी मिरचीवर वाढलेल्या जिभेला दोन्हींचा उपयोग रंगापुरताच. हिरव्या मिरचीला 'पेपेरोनी' म्हणतात, आणि ठेच्यासाठी ती तुर्की किंवा आशियाई दुकानातूनच घ्यावी. सुपरमार्केटातल्या लांबट फिक्या मिरच्या भज्यांच्या कामाच्या.

एका बाबतीत मात्र वऱ्हाडी माणसाचे नशीब जोरावर आहे. जवस तिथे 'लाइनझामेन' नावाने स्वस्तात आणि सर्वत्र मिळते, कारण तिथले लोक ते पावात घालतात आणि पोट साफ राहावे म्हणून खातात. 'गेश्रोटेट' लिहिलेले भरडलेले असते; अख्खे घ्यावे, मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावे, आणि लसूण, तिखट, मीठ घालून कुटावे. जवसाची चटणी संपली म्हणून गावाकडून पार्सल मागवणाऱ्यांनी आधी कोपऱ्यावरच्या डीएममध्ये जाऊन यावे.

गूळ हवा असेल तर 'फोलरोरत्सुकर' घ्यावी. 'रोरोरत्सुकर' ही निव्वळ तपकिरी साखर. चहासाठी सुपरमार्केटातल्या पिशव्यांच्या चहाचा नाद सोडावा आणि 'ओस्टफ्रीझिश' लिहिलेले पाकीट शोधावे. जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या लोकांचा हा कडक चहा मुख्यतः आसामच्या पानाचा असतो आणि दुधात उकळला तरी पाणचट होत नाही.

शाकाहारी, माळकरी आणि अंडे न खाणारे

पाकिटावर शेवटी घटकांची यादी असते आणि युरोपीय नियमानुसार त्यात अ‍ॅलर्जी देणारे घटक ठळक अक्षरांत छापावे लागतात. अंडे आणि दूध या यादीत येतात, त्यामुळे बिस्किटात किंवा केकमध्ये अंडे आहे का हे 'आय' किंवा 'आयर' हा ठळक शब्द शोधून लगेच कळते. मांस, चरबी आणि जेलाटिन (जनावरांच्या कातडी-हाडांतून काढलेला चिकट पदार्थ) मात्र ठळक छापत नाहीत; ते सगळी यादी वाचूनच शोधावे लागतात. 'श्वाइन' म्हणजे डुक्कर, 'रिंट' गाय-बैल, 'काल्प' वासरू, 'हेन्शेन' कोंबडी, 'पुटे' टर्की, 'लाम' कोकरू, 'श्पेक' खारवलेली डुकराची चरबी. 'गेमिश्ट' लिहिलेला खिमा गाय आणि डुक्कर यांचा मिळून असतो. ज्यांना बकऱ्याचे मटण हवे आहे त्यांना तुर्की दुकानात कोकराचे मांस मिळेल, बकऱ्याचे क्वचितच.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पिवळ्या रंगाचे, इंग्रजी व्ही अक्षराचे चिन्ह शोधणे. त्याखाली 'फेगेटारिश' किंवा 'फेगान' लिहिलेले असते. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्याशी त्याची तुलना करू नये, कारण 'फेगेटारिश' मध्ये अंडे चालते, आणि हे चिन्ह लावणे सक्तीचे नाही. ते नाही म्हणजे वस्तू मांसाहारीच असे ठरत नाही. लहान मुलांच्या रबरासारख्या गोळ्यांत बहुधा डुकराचे जेलाटिन असते. 'भाजीचे सूप' असे नाव असलेल्या डब्यात श्पेक निघू शकते. अनेक चीज वासराच्या जठरातल्या विकराने घट्ट करतात. कटाक्षाने पाळणाऱ्यांनी 'मिक्रोबिएलेस लाब' लिहिलेले घ्यावे.

माळकरी मंडळींनी दारूकडेही लक्ष द्यावे, कारण ती बाटलीबाहेरही असते. चॉकलेटच्या पेटीत रम भरलेली असू शकते, आणि ब्लॅक फॉरेस्ट म्हणून आपल्याकडे वाढदिवसाला कापतो त्या केकमध्ये तिथे चेरीची दारू घालतात. 'आल्कोहोलफ्राय' लिहिलेल्या बिअरमध्येही 0.5 टक्क्यापर्यंत मद्यांश असू शकतो. बिअर आणि वाइन विकत घेण्याचे वय 16, इतर दारूचे 18. मुलाला कॉलेजसाठी पाठवणाऱ्या पालकांनी हे माहीत ठेवलेले बरे.

अंडी खाणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट: प्रत्येक अंड्यावर शिक्का असतो आणि त्याचा पहिला आकडा कोंबडी कशी पाळली ते सांगतो. 0 सेंद्रिय, 1 मोकळ्या रानात, 2 बंद शेडमध्ये जमिनीवर, 3 पिंजऱ्यात.

शेगडी आणि धूर

घरात बहुधा गॅस नसतो. काचेची विजेची शेगडी किंवा इंडक्शन असते. लोखंडी तवा दोन्हींवर चालतो, अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही, आणि कुकर घ्यायचाच असेल तर इंडक्शनचा बूड असलेला घ्यावा. भाकर विस्तवावर फुगवता येत नाही. तव्यावरच स्वच्छ कापडाने कडा दाबत फुगवावी. राहत्या घरांत धूर ओळखणारे यंत्र लावणे सर्व राज्यांत बंधनकारक आहे, म्हणून ठेच्याच्या मिरच्या भाजताना खिडकी उघडी आणि वरचा पंखा चालू ठेवावा. विजेचा दाब आपल्यासारखाच 230 व्होल्ट असल्याने मिक्सर चालतो, पण आपली तीन खिळ्यांची पिन तिथे बसत नाही. जाडजूड अ‍ॅडाप्टर इथूनच न्यावा.

आठवडी बाजार

तिथेही आठवडी बाजार भरतो, 'वोखेनमार्क्ट' नावाचा, बहुधा गावाच्या जुन्या चौकात, सकाळपासून दुपारी एक-दोनपर्यंत. आपल्याकडे वांगी बोटाने दाबून, भेंडीचे टोक मोडून, मग भाव करून घेण्याची रीत आहे. तिथे ढिगाला हात लावलेला विक्रेत्याला खपत नाही. बोटाने दाखवावे, किती हवे ते सांगावे, तो काढून देतो. भाव ठरलेला असतो, पण बाजार उठायच्या वेळी तो स्वतःहून पेटीभर भाजी स्वस्तात देतो, तेव्हा शेवटच्या अर्ध्या तासात जाणे फायद्याचे.

पालेभाज्यांचे दुर्भिक्ष असते. पालक मिळतो; सांभार सुपरमार्केटात चिमूटभर मिळतो आणि तुर्की दुकानात मोठ्या जुडीने, पण तिथे त्याच्या शेजारी अगदी तशाच दिसणाऱ्या अजमोदाच्या जुड्या असतात, म्हणून एक पान चुरगळून वास घ्यावा. अंबाडी शोधू नये. एप्रिलपासून सारा बाजार पांढऱ्या शतावरीच्या कोंबांनी भरतो, ज्याला 'श्पार्गेल' म्हणतात, आणि परंपरेने 24 जूनला तिचा हंगाम संपतो. लोक तिच्यापायी वेडे होतात, आपल्याला ती पहिल्यांदा सपक लागते. हिवाळ्यात स्पेनची संत्री जाळीच्या पिशवीत येतात. ती सोलायला सुरी लागते. नागपुरी संत्र्यासारखे बोटाने सुटणारे फळ हवे असेल तर 'क्लेमेंटिने' घ्यावे, आकाराने लहान आणि बहुधा बिनबियांचे.

तारखा

पाकिटावर 'मिंडेस्टेन्स हाल्टबार बिस' लिहिलेली तारीख ही उत्तम दर्जाची मुदत असते. ती उलटल्यावर डाळ, पीठ, दही वास पाहून खाता येते, आणि अशी मुदत जवळ आलेली वस्तू दुकानात 30 टक्के किंवा त्याहून जास्त सवलतीच्या चिठ्ठीसह मिळते. 'त्सु फेरब्राउखेन बिस' लिहिलेली तारीख मात्र खिमा, कोंबडी, मासे अशा नाशवंत मालावर असते, आणि ती उलटल्यावर पदार्थ टाकूनच द्यावा.

बाहेर खाण्याची वेळ आली तर

तुर्की दुकानातला फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे वडे घातलेली पोळी, हा शाकाहारी माणसाचा ठरलेला आधार आहे. चटणीत 'शार्फ' मागितली तर थोडे तिखट मिळते. बेकरीत चीज लावलेला पाव आणि मिठाचे खडे लावलेला वेटोळा पाव, म्हणजे ब्रेत्सेल, मिळतो. बाडेन-व्युर्टेमबर्गच्या भागात 'लिन्झेन मिट श्पेत्स्ले' नावाचा पदार्थ सगळीकडे असतो, मसूर आणि अंड्याच्या शेवया. वाचताना आपल्या वरणफळांसारखा वाटतो, पण त्यासोबत सॉसेज येतात आणि मसुरातही अनेकदा श्पेक असते, म्हणून आधी 'ओने फ्लाइश', म्हणजे मांस नको, असे सांगून खात्री करावी. 'केझेश्पेत्स्ले' या चीजच्या प्रकारात मांस नसते, अंडे असते. हॉटेलात पाणी आपसूक येत नाही. मागितले तर बाटली येते आणि तिचे पैसे लागतात, कधीकधी बिअरइतके. बिल आले की रक्कम थोडी वर करून, साधारण पाच ते दहा टक्के, देण्याची पद्धत आहे. पैसे देतानाच एकूण किती घ्यायचे ते सांगावे, टेबलावर नाणी ठेवून उठू नये.